आठ दाबांची वाटी

माझ्या धाकट्या दिराला मी लग्न होऊन आल्यापासून मूर्ख समजत होते. तोंडावर 'भाऊजी, भाऊजी' म्हणायचे, पानात दुसरी पोळी वाढायचे आणि मनात त्यांची टर उडवायचे. सुरतेत रिंग रोडवरच्या एका मार्केटात साड्यांचे पार्सल बांधून रवाना करण्याच्या कामावर ते होते. पण बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, मार्केटच त्यांच्या मालकीचं आहे. दर रविवारी कोसाडहून आमच्या पर्वत पाटियाच्या घरी यायचे, पोटभर जेवायचे आणि हातची कुठली संधी कशी गेली ते सांगायचे. त्यात एक गोष्ट ठरलेली. शहराबाहेर कामरेजला एकेकाळी प्लॉट मातीमोल मिळत होते, एक त्यांना कोणीतरी घ्या म्हणून सांगितलाही होता, आणि त्यांनी घेतला नाही. ही गोष्ट ते इतक्या रुबाबात सांगत, की जणू न घेतलेला प्लॉट हीच त्यांची मालमत्ता.

नव्याण्णव साली त्यांनी मोबाइल फोन घेतला. चामड्याच्या खोळीत घालून पट्ट्याला अडकवला. फोन वाजला की ते तो कापायचे आणि खालच्या एसटीडी बूथकडे धावायचे, कारण आलेल्या फोनलाही पैसे पडत. एवढं धावूनही परत आल्यावर चेहऱ्यावर भाव असा, की गिऱ्हाईक परदेशातलं होतं.

त्याच वर्षी गणपतीनंतरच्या एका रविवारी ते आम्हा नवराबायकोला एका हॉलमध्ये घेऊन गेले. तिथे टाय लावलेला एक माणूस इंटरनेटविषयी भाषण देणार होता. हॉल भरला होता. बँकेतले कारकून, माझ्यासारखे मास्तर, मार्केटातले हिशेबनीस, बरेचसे आपलेच मराठी लोक. बाजारात वांगं घेताना चारदा उलटंपालटं करून पाहणारी ही माणसं त्या टायवाल्यासमोर तोंड उघडं टाकून बसली होती.

तो म्हणाला, "भाईओ, आज इंटरनेट कंप्यूटर पर है, कल आप के जेब के फोन पर आएगा. फोन पर वेबसाइट का लंबा नाम कौन लिखेगा? छोटा शब्द, सीधा शब्द जिस के पास, दुनिया उस के पास. ये नाम नहीं है, जमीन है."

जमीन हा शब्द ऐकला आणि भाऊजी ताठ बसले. मला तेव्हाच कळलं, की आता कामरेज येणार.

परतीच्या रिक्षात ते म्हणाले, "दादा, हे कामरेजच आहे. फरक इतकाच, की या वेळी आपण वेळेवर आहोत."

माझ्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर पाहिलं. सरकारी कचेरीत वीस वर्षं काढलेला माणूस. न बोलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

पुढच्या रविवारी भाऊजी दोनशे पानी वही घेऊन आले. मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून शब्द मी काढून द्यायचे असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. "वहिनी, साधे शब्द पाहिजेत. रोजचे. पण दाब कमी पाहिजेत."

"दाब म्हणजे?"

त्यांनी फोन काढून दाखवला. एका बटणावर तीन-तीन, चार-चार अक्षरं. पहिलं अक्षर एका दाबात येतं, तिसऱ्याला तीनदा दाबावं लागतं. लोक आळशी, म्हणून कमी दाबांचं नाव जास्त किमतीचं, असा तो शोध. इंग्रजीत 'साडी' लिहायची तर अकरा दाब. सुरतेत बसून साडी महाग पडते याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मला हसू येत होतं, तरी मी बसले. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली. तीन-चार रविवार आम्ही दोघं टेबलाशी बसून शब्दांचे दाब मोजत होतो, आणि मोजता मोजता मी मनात म्हणत होते, बघ, या माणसाला साधं स्पेलिंग येत नाही आणि हा जगाचे शब्द विकत घ्यायला निघालाय. माझ्या हुशारीला असा प्रेक्षक शाळेतही मिळत नव्हता.

यादी घेऊन आम्ही सायबर कॅफेत गेलो. टायवाल्याचाच एक माणूस तो कॅफे चालवत असे. त्याचा कोणी नातेवाईक अमेरिकेत होता आणि त्याच्या क्रेडिट कार्डावर नावं विकत घेता येत होती. आम्ही एकेक शब्द सांगत गेलो, तो कंप्यूटरवर टाकून बघत गेला. पाणी गेलेलं. डॉक्टर गेलेला. लग्न, दूध, कापड, नकाशा, चप्पल, सगळं गेलेलं. तासाभरात माझी चार रविवारांची इंग्रजी संपली. जगातले सगळे साधे शब्द आमच्या आधीच कोणीतरी उचलून नेले होते.

दुसऱ्या कोणी तिथेच वही मिटली असती. भाऊजी म्हणाले, "मग आपले शब्द घेऊ. मराठी. इंग्रजी अक्षरात. आपली माणसंपण फोन घेणारच ना एक दिवस?"

त्या रविवारी मी ओट्यापाशी होते आणि ते दारात वही घेऊन उभे. समोर दिसेल ते मी सांगत गेले. तवा, सहा दाब. परात, सात. पाटा, चार, त्यावर ते भलतेच खूश झाले. वरवंटा पंधरा निघाला, तो त्यांनी तिथल्या तिथे नापास केला. वाटीला आठ पडले.

"आठ चालेल," ते म्हणाले. "वाटी घेऊ."

सासूबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. त्या मुलाकडे बघून आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "वाटी ते घरमा शे ना रे भाऊ, मंग ईकत कसाले लेस?"

एवढ्या सगळ्या प्रकरणात विचारला गेलेला हा एकमेव शहाणा प्रश्न. भाऊजींनी वहीत वाटी लिहून घेतली. मग मीच विचारलं, "नाव घेतल्यावर त्यावर काय ठेवणार तुम्ही? वाटी उघडली की माणसाला काय दिसणार?"

"काही नाही. नुसतं नाव. प्लॉटवर काय असतं?"

असे चौदा शब्द त्यांनी दोन वर्षांसाठी घेतले. पैसे एकट्याचे पुरेनात, म्हणून भागीदार गोळा केले. मार्केटातले दोघं-तिघं. आणि हे मला नंतर कळलं, आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर.

हे सर निवृत्तीला आलेले, सरळ गृहस्थ. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची त्यांची. माझ्या दिरांशी त्यांची ओळख शाळेच्या स्नेहसंमेलनात झाली होती. एके दिवशी डबा उघडता उघडता ते मला म्हणाले, "बाई, तुमच्या दिरांबरोबर मीही थोडे टाकलेत. फोनवरच्या शब्दांत."

मी पोळीचा तुकडा तोडत होते. मी नुसती हसले. ते हसू कसलं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. मनात आलं होतं, घ्या, हाही त्यातलाच निघाला. रंगांच्या बाटल्या मुलांना जपून वापरायला सांगणारा हा माणूस पाटा आणि वाटीत पैसे घालतो. त्याला सावध करावं असं वाटलंच नाही. मूर्खाला मूर्खपणाची किंमत पडावी, इतकंच मला वाटत होतं, आणि तो मूर्ख माझ्या शेजारी बसून आपल्या डब्यातली कोथिंबीर वडी मला देत होता. मी ती घेतली.

दिवाळी होऊन गेली आणि एक दिवस भाऊजी शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी येऊन उभे. कामाचा दिवस, तरी हजर. हातात सायबर कॅफेतून छापून आणलेला कागद. "वहिनी, परदेशातून पत्र आलंय. वाचा आधी."

फाटकाशीच मी ते वाचलं. पत्र जर्मनीतल्या एका गृहस्थाचं होतं, मोडक्या पण नीट इंग्रजीत. त्याने लिहिलं होतं, की 'वाटी'ची जी अक्षरं तुम्ही घेतली आहेत, तो आमच्या भाषेत लहान मुलांनी वडिलांना हाक मारायचा शब्द आहे. मला वडिलांसाठी काही पानं तयार करायची आहेत. नाव द्याल का? आणि खाली त्याने रक्कम लिहिली होती. ती मी दोनदा वाचली. चौदाच्या चौदा नावांचा खर्च निघून भागीदारांना वर चांगलं काही मिळालं असतं.

पाच मिनिटं मला भाऊजींबद्दल आदर वाटला, हे लिहून ठेवायला हवं. मग त्यांनी तोंड उघडलं.

"म्हणजे त्याला गरज आहे. गरजवंत पहिला आकडा कमीच सांगतो. आपण वीसपट मागू."

"वीसपट?"

"जर्मनीत बाप किती असतील, वहिनी? सगळे फोनवर येणार. तुम्ही लिहा. तुमचं इंग्रजी पडलं भारी."

घरी येऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि सांगत गेले, मी लिहीत गेले. आमच्याकडे अनेक मोठ्या कंपन्यांच्या मागण्या आहेत. आम्ही घाईत नाही. हे नाव पुढच्या शतकाची जमीन आहे. एकेक वाक्य ऐकताना मला दिसत होतं, की हे वाचून तो जर्मन माणूस कागद बाजूला सारणार. ते मी सांगू शकले असते. 'भाऊजी, आहे तेवढं घ्या,' एवढं एक वाक्य. ते माझं इंग्रजी मानत होते, माझं तेही कदाचित मानलं असतं. पण मी सांगितलं नाही. उलट त्यांची ती फुगलेली वाक्यं मी घासूनपुसून आणखी ऐटदार केली. मला या माणसाला तोंडावर पडलेला बघायचा होता. इतक्या वर्षांच्या रविवारांचं ते उट्टं होतं.

माझा नवरा पेपर बाजूला ठेवून आमच्याकडे बघत होता. भाऊजी गेल्यावर त्याने विचारलं, "तू थांबवलं का नाहीस त्याला?"

"माझं काय जातं?" मी म्हणाले.

तो पुन्हा पेपर वाचायला लागला.

उत्तर आलं नाही. भाऊजी महिनाभर रोज सायबर कॅफेत जाऊन आले. मग म्हणाले, भाव पाडण्यासाठी तो गप्प बसलाय. नवीन शतक आलं, तरी तो गप्पच. मग भाऊजींनी मला न विचारता स्वतःच्या इंग्रजीत त्याला लिहिलं, की मूळ रक्कम चालेल. त्यालाही उत्तर आलं नाही. दरम्यान फोनवर इंटरनेट खरंच आलं म्हणून मार्केटातल्या एका शेठकडे ते बघायला गेले. चार ओळींचा पडदा, घड्याळ फिरत राहिलं आणि काहीच उघडलं नाही. ते परत आले ते शेठच्या फोनला नावं ठेवत.

दोन वर्षं संपत आली तेव्हा कळलं, की सायबर कॅफेतला तो माणूस कॅफे विकून कुठेतरी निघून गेलाय. नावं त्याच्या नातेवाइकाच्या खात्यावर होती. पुढे चालू ठेवायची कशी, ते कोणालाच माहीत नव्हतं. ती आपोआप गेली. टायवाल्याचा तर पत्ताच नव्हता.

चित्रकलेच्या सरांनी हे भाऊजींकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं. रागावून नाही, नुसतंच. "बाई, मला या विषयातलं काही कळत नव्हतं. शब्द तुम्ही काढून दिलेत असं ते म्हणाले, म्हणून मी हो म्हटलं. तुम्हाला वाटत होतं का, यातून काही होईल?"

काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती. का कोण जाणे, मी खरं बोलले. मला कधीच वाटलं नव्हतं. मग जर्मनीच्या पत्राचंही सांगितलं, रक्कम सांगितली, आणि उत्तर माझ्या हातचं होतं हेही.

त्यांनी ऐकून घेतलं. डब्याचं झाकण लावलं.

"तुम्ही त्या दिवशी हसला होतात," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला आनंद झाला."

घंटा झाली आणि ते वर्गावर गेले.

भाऊजींना त्या प्रकरणाची लाज कधीच वाटली नाही. ते आजही सांगतात, आम्ही दहा वर्षं आधी होतो, एवढीच चूक. कामरेजच्या प्लॉटच्या जोडीला आता त्यांच्याकडे जर्मनीही आहे, आणि ती गोष्ट सांगताना रक्कम दरवेळी थोडी वाढते. मी अजून त्यांना पोळी वाढते आणि अजून मनात त्यांना मूर्ख म्हणते. ते मूर्ख आहेतच.

सरांनी पुढच्याच सोमवारी आपली खुर्ची उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाजवळ नेऊन ठेवली. कोणी विचारलं तर म्हणाले, इथे उजेड बरा आहे. तिथे उजेड मुळीच नव्हता. निवृत्त होईपर्यंत वर्षभर ते तिथेच बसले. माझ्याशी बोलले ते परीक्षेच्या कागदांपुरतं, आणि प्रत्येक वेळी अगदी नीट, 'बाई' म्हणून.