मतदानापुरती आंधळी

"हिला दिसत न्हाई, साहेब. मी संगं जातो."

सण्णगौडानं माझ्या मायचा दंड धरला होता. सण्णगौडा म्हणजे आमच्या गावच्या गौडाचा, म्हणजे पाटलाचा, धाकटा भाऊ. माय मान खाली घालून उभी. शाळेची खोली, टेबलामागे कर्मचारी, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा. मी मायच्या मागेच रांगेत होते. माझं पहिलं मतदान होतं.

टेबलावरच्या साहेबानं मायला कानडीत विचारलं, दिसत नाही का तुला?

"व्हय साहेब. दिसत न्हाई," माय म्हणाली.

माझ्या मागे शेजारची गयाअक्का होती. तिलाही दिसत नव्हतं. तिच्या मागचीलाही नाही. एक कर्मचारी पेन ठेवून म्हणाला, "तुमच्या वस्तीत सगळ्याच आंधळ्या काय?" खोलीत हशा पिकला. माझी मायही हसली. ओठ दाबून, लाजल्यासारखी. बाकीच्यांचं हसणं मी विसरेन कदाचित. मायचं विसरता येत नाही.

माझी माय आंधळी नव्हती. गौडाच्या डाळमिलमध्ये ती तूरडाळ निवडायची. दिवे लागल्यावर सुईत दोरा ओवायची. वस्तीतली लेकरं तिच्याकडं काटा काढायला यायची. मतदानाच्या दिवशी मात्र ती आंधळी व्हायची. आमच्या वस्तीतल्या सगळ्या अंगठेबहाद्दर बाया व्हायच्या. बायांना चिन्ह कळत नाही, चुकीचं बटण दाबतील, असं गौडाचं म्हणणं. आंधळ्या माणसाला सोबती नेता येतो, एवढा कायदा त्याला पाठ. एका सोबत्याला एकच आंधळा, हेही पाठ. म्हणून मिलमधली माणसं वाटून दिलेली असत. कुणाच्या वाट्याला कोणती बाई, हे सकाळीच मिलच्या फाटकात ठरायचं. जनावरं वाटावीत तसं.

कर्नाटकातल्या, निंबर्ग्याकडच्या त्या आमच्या गावात बाबासाहेबांचा फोटो नाही असं आमच्या वस्तीत एक घर नाही. त्या फोटोला हार घालून बाया बाहेर पडायच्या आणि शाळेत जाऊन आंधळ्या व्हायच्या.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मायला विचारलं, "कामून म्हनलीस तसं?"

"मिलचं काम त्यांचं. दुखलं-खुपलं तर जीप त्यांची. एका बटणापायी येवढं घालवू? तुला न्हाई कळायचं बाई."

मला खरंच कळलं नाही. मला तिची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी चिडले.

पुढं मी बीदरला आले. शहराबाहेरच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाकिटं भरायचं काम लागलं. एकदा फाटकावर मतदार नोंदणीवाले आले. कामगारांची नावं घेत होते. मी विचारलं, डोळे असताना कुणी बाईला आंधळी ठरवलं तर? त्यातला एक म्हणाला, "बाईनं स्वतः सांगायचं, मला दिसतं, मी एकटी जाते. मग कुणी अडवू शकत नाही." इतकं सोपं? मला तर सोन्याची खाण सापडल्यासारखं झालं.

पुढच्या मतदानाला सुट्टी घेऊन गावी गेले. चुलीपुढं बसवून मायकडून ते वाक्य घोकून घेतलं. "मला दिसतं. मी एकटी जाते." ती म्हणायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. "पुन्हा म्हण," मी म्हणायची. ती पुन्हा म्हणायची. त्या संध्याकाळी ती किती खूश होती.

सकाळी तीच शाळा, तोच दंड, तोच हात.

"हिला दिसत न्हाई, साहेब."

मी थांबलेच नाही. ओरडले, "खोटं हाय. माझ्या मायला दिसतं!"

 सण्णगौडा रागावला नाही. शांतपणे म्हणाला, "इचारा की तिलाच."

मायनं माझ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. तिचे ओठ हलले. तिला वाक्य आठवत होतं, मला दिसत होतं की आठवतंय.

"न्हाई साहेब. दिसत न्हाई."

तो तिला आडोशामागं घेऊन गेला. यंत्राचा लांब आवाज झाला. मायचं मत पडलं.

 घराच्या दाराशी ती म्हणाली, "माझ्यावर रागावू नगंस." मी रागावले नव्हते. मला नुसतं रडू येत होतं.

त्याच सालच्या थंडीत माय गेली. काविळीनं. आयुष्यात एकदाही तिनं स्वतःच्या बोटानं बटण दाबलं नाही. हे दुःख मी कुणाजवळ बोलत नाही, कारण लोकांना ते दुःखच वाटत नाही.

तिच्या माघारी एक गोष्ट मला उमगली. सण्णगौडा म्हणाला हिला दिसत नाही, मी म्हणाले दिसतं. दोघांच्या मध्ये ती उभी. तिच्या पोटातली भीती मी मोजलीच नव्हती. एकटी बाई ते वाक्य बोलली, तर दुसऱ्या दिवशी मिलचं फाटक तिला बंद. पण सगळ्याच बोलल्या, तर ऐन हंगामात डाळ कोण निवडणार?

आता दर सुट्टीला मी वस्तीत असते. बायांना एकत्र बसवते. सीमेपलीकडून, उमरग्याकडून आलेल्या सुनांची नावं अजून माहेरच्या गावात अडकलेली. ती इकडं आणायचे अर्ज भरते. अठरा पुरी झालेल्या पोरींची नोंदणी करते. परवा गयाअक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "मी म्हनंन, मला दिसतं. पर तुमी माझ्या मागं न्हाई, बाजूला उभ्या ऱ्हावा."   सगळ्या येतील की नाही, मला माहीत नाही.

सण्णगौडा बसथांब्यावर भेटला. म्हणाला, "मायचं नाव हाय की अजून यादीत. ऱ्हाऊ दे. कामाला येतंय."

मेलेली माय त्याच्या कामाला येणार होती.

 मी सरळ तहसीलला गेले. मायचा मृत्यूचा दाखला जोडून तिचं नाव कमी करायचा अर्ज दिला. खाली सही केली. जगाच्या पाठीवर जिवंत माणसांत तिचं नाव छापलेली तेवढीच एक जागा उरली होती. ती मीच पुसली.

जिवंतपणी तिचं मत तिला मिळालं नाही. मेल्यावर ते त्यांना मिळू देणार नाही. येत्या मतदानाला मी गयाअक्काच्या बाजूला उभी असणार. तिच्या दंडाला कुणी हात घातला, तर तो हात मी तिथंच, सगळ्यांसमोर काढणार.