नावाहो मुलगी आणि आमचे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्याच्या मताला मान देणारा माणूस उभ्या कलकत्त्यात झाला नाही. अट एकच होती: मत देणाऱ्याचं वय चौदाच्या पुढे असता कामा नये. मोठ्या माणसांची मतं म्हणजे त्यांच्या लेखी उकळून झालेली चहाची पत्ती. बाजारात ते हिलसा उचलून धरत आणि शेजारी आईचं बोट धरून उभ्या असलेल्या एखाद्या पोराला बंगालीत विचारत, "कशी वाटते?" पोरानं नाक मुरडलं की मासा परत टोपलीत आणि मासेवाला मामांच्या कुळाचा उद्धार करायला मोकळा. एस्प्लनेडच्या एका दुकानात त्यांनी चष्म्याची फ्रेम एका अनोळखी सहा वर्षांच्या मुलीकडून निवडून घेतली. ती जांभळी निघाली. खिदिरपूरच्या गोदीतल्या कचेरीत मामा ती निवृत्त होईपर्यंत घालून बसले. "मुलं दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीत, जावईबापू," ते मला म्हणत, "तुम्ही बोलता." लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत मी त्या फ्रेमची तोंडभर स्तुती केली होती.

मामांचा जन्म कलकत्त्याचा, त्यांच्या वडिलांचाही. तरी मराठी असं, की पुण्याहून बदलीवर आलेल्या माझ्यासारख्या बँकवाल्यानं त्यांच्यासमोर वाक्य पुरं करण्याआधी दोनदा विचार करावा. आमच्या पोरांची गोष्ट वेगळी होती. ती घरात मराठी ऐकत आणि गल्लीत बंगाली जगत. आमची मुलगी निलू बंगालीच्या वळणानं खुशाल "मी पाणी खाल्लं" म्हणे. शेजारच्या मराठी बिऱ्हाडातला श्रीनिवास गल्लीत बुबाई होता, आणि बुबाई म्हटल्याशिवाय आईलाही ओ देत नसे. या मुलांना मराठी आपली वाटावी, एवढं एकच मागणं मामांनी आयुष्याकडे मागितलं होतं. त्यासाठी दर रविवारी सकाळी त्यांच्या दिवाणखान्यात सात-आठ पोरं सतरंजीवर बसत. मामा इंग्रजी कादंबरीचं एक पान मनात वाचत, बोट घालून पुस्तक मिटत आणि तेच पान मराठीत सांगत. मग प्रत्येकानं मत द्यायचं, मराठीत. 'छान आहे' म्हणायला सक्त मनाई. "छान हे मत नव्हे, तो ढेकर आहे," असं मामांचं म्हणणं. मुळात इंग्रजी पुस्तक कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मराठी पुस्तक दिलं तर ती वाचतील. मला ती बोलायला हवी आहेत."

एका हिवाळ्यात पुस्तक आणण्याची कामगिरी माझ्यावर आली. फुटपाथवरच्या ढिगात एक मुखपृष्ठ दिसलं: तांबडे कडे, मेंढ्या आणि त्यांच्यामागे एक मुलगी. काश्मिरी धनगरणीची गोष्ट, अशी मी स्वतःची खात्री करून घेतली आणि मामांचीही करून दिली. पहिलं पान वाचून त्यांनी जांभळ्या फ्रेमवरून माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, काश्मीर अमेरिकेत कधी हलवलं?" कादंबरी होती अमेरिकेतल्या नावाहो लोकांतल्या एका मुलीची, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. गोरे सैनिक येतात, मका जाळतात, पीचची झाडं तोडतात आणि अख्ख्या जमातीला पायी हाकलत दूर नेतात. मुलगी चालत राहते. मला वाटलं, पोरं दुसऱ्याच रविवारी पळतील. पण पोरं रंगली.

मतांना तर ऊत आला. बुबाईचं मत असं, की मुलगी फार सोशिक आहे, तिनं निदान एकाला तरी चावायला हवं होतं. एका चिमुरडीला लेखकाचा राग आला होता. मेंढ्या मागे राहिल्या, मग त्यांना पाणी कोण पाजतं? लेखक विसरला, म्हणजे तो घरी कुत्रासुद्धा पाळत नसणार. "झाडांनी काय केलं होतं?" असं कुणीतरी विचारलं. मामा आनंदानं खुर्चीत पुढे सरकत होते. मग निलूची पाळी आली. ती म्हणाली, "हे शिपाई म्हणजे बर्गीच."

"हो, बर्गीच!" बुबाई ओरडला. "आमच्या खालच्या मजल्यावरच्या दिदिमा आहेत ना, त्या आजी सांगतात, बर्गी घोड्यावरून यायचे नि सगळं धान जाळायचे. झोपला नाहीस तर नेतील म्हणतात."

मामांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सव्वादोनशे वर्षांपूर्वी बंगालवर चालून आलेले मराठे स्वार. त्यांच्या भीतीनं या शहरानं बागबाजारापासून खंदक खणला होता. बंगाली शेजारणी भल्या. त्यांनी आमच्या पोरांना बर्गीची भीती घातली, पण बर्गीचा पत्ता दिला नव्हता.

"मामाआजोबा, बर्गी कुठले होते?" निलूनं विचारलं.

मामांच्या आधी मीच पुढे झालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक फजित्या अशाच पुढे होण्यातून झालेल्या आहेत. "ते ना, पश्चिमेकडचे."

"म्हणजे बर्दवानचे?"

"जरा पुढचे."

"बिहारचे?"

"आणखी थोडे पुढचे."

"गप्प बसा हो," मामा मला म्हणाले. मग पोरांकडे वळले. "बर्गी नागपूरहून आले. ते आपले होते. मराठे. आपण जी भाषा बोलतो ना, तीच बोलत."

बुबाईनं मामांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. निलू उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. घरी मी मराठीत हाक मारली तर तिनं बंगालीत उत्तर दिलं, आणि आठवडाभर तसंच देत राहिली. बुबाईच्या वडिलांनी तेवढ्यात निरोप पाठवला की रविवारी त्याला चित्रकलेला घालायचा विचार आहे. मी मामांचं समाधान करायला गेलो. "त्या काळी सगळेच लुटत होते हो," असं काहीसं बोललो. "तुमचं वय दिसतं या मतातून," ते म्हणाले, आणि आत जाऊन पडले. मामी मला दारापर्यंत सोडायला आल्या. "खोटं सांगितलं असतं तर पोरं राहिली असती रे," म्हणाल्या. "पण यांना ते कुठलं जमायला!"

पुढच्या रविवारी मामांनी सतरंजी घातली आणि दार उघडं ठेवून बसले. मी मुद्दाम गेलो होतो. सतरंजी रिकामी पाहून पान-तंबाखूवर काहीतरी बोलत राहिलो. बऱ्याच वेळानं जिन्यात पावलं वाजली. निलू पुढे, तिच्यामागे बुबाई आणि बाकीची सगळी. कुणी बसलं नाही.

"त्या पुस्तकाचा लेखक नावाहो आहे?" निलूनं विचारलं. मराठीत.

"नाही. गोराच आहे."

"म्हणजे शिपायांकडचा?"

"हो. शिपायांकडचा."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. वाटेत त्यांचं काहीतरी ठरलेलं दिसत होतं. "मग तुम्ही पण सांगा," निलू म्हणाली. "इथल्या मुलीची गोष्ट. बर्गी आले तेव्हाची."

"सांगतो," मामा म्हणाले. "बंगालीत सांगू? तुम्हाला सोपं जाईल."

"नको," निलू म्हणाली. "ती मराठीतच सांगायला पाहिजे ना?"

मामांनी चष्मा काढला, पुसला आणि उलटा घातला. मी सरळ करून दिला. मग त्यांनी बर्दवानकडच्या एका गावातल्या मुलीची गोष्ट सुरू केली. तिचा बाप, तिचं वासरू, कापणीला आलेलं भात. दूरवर धूळ दिसते तिथे ते थांबले, आणि पुष्कळ वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग घसा खाकरून पुढे निघाले.

आता मामा नाहीत. आम्ही केव्हाच पुण्याला आलो. निलूची मुलगी रात्री हट्ट धरते तेव्हा निलू तिला तीच गोष्ट सांगते आणि मी दाराशी उभा राहून ऐकतो. धूळ दिसली की निलू गप्प होते, चांगला बराच वेळ, आणि मग खाकरून पुढे जाते. तिला वाटतं, गोष्ट अशीच आहे.