अंगावर ढकललेलं खोटं

हे मी माझ्या बायकोलाही पुरतं सांगितलेलं नाही. तिला अर्धं माहीत आहे, उरलेलं अर्धं मी दाबून ठेवलं. तुम्हाला तरी का सांगतोय? माहीत नाही. ऐकताना तुम्ही मनात काय म्हणाल, याचाही मला आत्तापासूनच संशय येतोय.

आमच्या चिंचोळीच्या कंपनीत मला सगळे 'हिरो' म्हणायचे. सुपरहिरोंच्या सिनेमांचं वेडच तसं होतं मला. कोण कुठल्या ग्रहावरून आला, कुणाचा सावत्रभाऊ कोण — बसमध्ये बसलो की माझी टकळी सुरू. शेजारी मल्लिनाथ. अक्कलकोटकडचा, घरात कन्नड बोलणारा, तेव्हा कामावर नवा आणि मराठीत बोलताना जरा बिचकणारा. मी सांगायचो आणि तो डोळे मोठे करून "हौदा?" म्हणायचा. खरंच? असं. त्याला हे वेड मीच लावलं. पुढं प्रत्येक सिनेमा आम्ही दोघांनी मिळून बघितला. शेवटची नावं संपेपर्यंत तो मला उठू द्यायचा नाही.

आणि मग माझंच वेड ओसरलं. कधी, ते सांगता येत नाही. मेलेला माणूस पुढच्या भागात परत यायचा. शहरच्या शहर कोसळायचं आणि कुणाच्या घरचं कुणी रडायचं नाही. मी जांभया गिळत बसायचो — आणि बाहेर आल्यावर म्हणायचो, "काय बनवलाय राव!" का? हिरो होतो ना मी. ते गेलं तर माझ्याकडे दुसरं काय होतं?

वर संशय. मल्लिनाथला कळलं असेल का? अंधारात तो पडद्याकडे बघतोय की माझ्याकडे?

एकदा नवा सिनेमा लागला. मी फोनवर आवाज बारीक करून सांगितलं, "ताप आलाय, रविवारचं जमणार नाही." आणि त्याच रविवारी बायकोबरोबर त्याच थिएटरात, शेजारच्या पडद्यावर, एक घरगुती मराठी सिनेमा बघायला गेलो. माझ्याशिवाय मल्लिनाथ कशाला येतोय, हा माझा हिशोब.

मध्यंतरात बाहेर आलो तर समोर मल्लिनाथ. एकटा. पॉपकॉर्नच्या रांगेत. मी खांबाआड झालो. त्यानं एकदा मान वळवली — माझ्याकडे? घंटा होईपर्यंत मी तसाच उभा. बायको म्हणाली, "काय झालं ओ?" मी म्हटलं, "कंपनीतलं माणूस आहे. ताप सांगून आजचा ओव्हरटाइम चुकवलाय." तिला एवढंच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो म्हणाला, "मी बी न्हाय गेलो. तू बरा हो, मग संगट जाऊ की."

खोटं! माझ्या तोंडावर! ह्यानं मला बघितलंय, आता खेळवतोय — दुसरं काय असणार? पुढच्या रविवारी आम्ही गेलो. जिथं हसायचं तिथं तो हसला, जिथं दचकायचं तिथं दचकला. मी पडदा बघितलाच नाही. त्याचं तोंड बघत होतो.

मग कॅन्टीन. डबे उघडलेले, मल्लिनाथ रंगात येऊन सगळ्यांना गोष्ट सांगत होता. सांगता सांगता माझ्याकडे वळून म्हणाला, "ह्याला तर ताप आल्ता, तरी—"

मला वाटलं, आलं. आता हा सगळ्यांसमोर मला उघडं पाडणार. म्हणून मीच आधी बोललो. "ह्याला विचारा की, मला आजारी टाकून आधीच एकटा बघून आलाय. वर गेलो नाही म्हणतो. ओळखीच्या माणसानं बघितलंय."

सगळे हसले. "मल्ल्या, असा व्हय रं दोस्त तू?" कुणीतरी म्हणालं.

मल्लिनाथनं हातातला भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला. त्याचं ओशाळलेलं तोंड बघितलं आणि त्याच क्षणी मला कळलं — ह्यानं मला थिएटरात बघितलेलंच नव्हतं.

"व्हय, गेलतो," तो म्हणाला. "राहवलं न्हाय. तू ऱ्हायलास म्हणून तुला वाईट वाटंल, म्हणून बोललो न्हाय. चुकलं माझं."

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडायचं होतं, एवढंच. मी काय केलं? सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे रे. होतं असं." मी त्याला माफ केलं! माझं मन किती मोठं, असं दोघंतिघं बोललेसुद्धा.

त्या दिवसानंतर मल्लिनाथनं सिनेमाचं नाव काढलं नाही. कुणी बघितलं होतं, हेही विचारलं नाही. आजही आम्ही एकाच बसनं जातो. तो माझ्या पोरांची चौकशी करतो, घरच्या शेंगाचटणीचा पुडा आणून देतो. पण बोलताना आधी थांबतो, शब्द निवडतो, नवा होता तेव्हासारखा.

मागं पुन्हा एक सिनेमा लागला. चौकात भलंमोठं पोस्टर होतं. बस सिग्नलला थांबली तेव्हा मल्लिनाथनं मान दुसऱ्या खिडकीकडे वळवली. सिग्नल सुटेपर्यंत तो तिकडंच बघत राहिला.

आणि मला काय वाटलं, सांगू? आता जावं लागणार नाही. बरं वाटलं.