निम्म्याचं निम्मं

बातमी आली तेव्हा मी मामालाच पत्र लिहून राहिले होते. खरंच. "मामा, तू गप का?" एवढंच लिहून झालं होतं, तेवढ्यात दारात बापूराव उभे. बापूराव म्हणजे मामाचे नांदेडचे शेजारी. सकाळच्या पहिल्या मोटारीनं लातूरला आलेले, अंगावर सगळी धूळ, टोपी हातात. ते बसले न्हाईत, पाणीही मागितलं न्हाई. आई चुलीपासून उठली आणि म्हणाली, "दत्तू का?" त्यांनी नुसती मान हलवली... सव्वा महिना झाला त्याला. आईला विचारूनच लिहिते हे सगळं, आणि भरभर लिहिते, न्हाई तर धीर जाईल माझा.

दत्तूमामा आईचा पाठचा भाऊ. नांदेडच्या सरकारी मदरशात हिसाब शिकवायचा, तो पण उर्दूतून. आमच्याशी मराठीत बोलता बोलता आकडा आला की त्याची जीभ आपोआप उर्दूत जायची, आणि मी हसले की म्हणायचा, "हस हस, तुझ्या लग्नात हुंडा पण उर्दूतच मोजतो." लई हसरा माणूस. मामी दोन वर्षं आजारी होती, तेव्हा हसू कमी झालं त्याचं, कर्ज वाढलं. मामी गेली, कर्ज राहिलं. चार ठिकाणचं होतं. नांदेडच्या कापडवाल्या पिराजीशेटचं थोडंसं, हकीमसाहेबांचं त्याहून जरा जास्त, आमच्या आईचे निजामाच्या शिक्क्याचे चौसष्ट हाली रुपये, आणि सगळ्यात मोठं लातूरच्या गंजातल्या, डाळीच्या बाजारातल्या, शेटजीचं, शेकडा दोन रुपये महिना व्याजाचं. आईनं तिचे रुपये पाटली गहाण ठेवून दिले होते, पण तोंडानं कधी मागितले न्हाईत.

दिवाळीला तो आला तेव्हा आम्ही दोघं पाटी घेऊन बसलो, आधी कुणाचं फेडायचं म्हणून. मी ठासून सांगितलं की शेटजीचं आधी, कारण खाऊन टाकून राहिलंय ते व्याज. त्यानं माझा हिसाब तपासला, बरोबर आहे म्हणाला, आणि पुसून टाकला. "सुमे, शेटजी लातूरला. पिराजीशेट रोज रस्त्यात भेटतो. मला तोंड चुकवून बोळातून जावं लागतं. आधी लहान लहान मिटवतो, म्हणजे रस्त्यानं तरी नीट चालता येईल." मला काही पटलं न्हाई. पण कर्ज त्याचं, रस्ता त्याचा.

संक्रांतीच्या आधी त्यानं पिराजीशेटचे सगळे चुकते केले. शेटनं चिठ्ठी फाडली आणि म्हणाला, मास्तर, हलकं वाटतंय बघा. चौथ्या दिवशी शेट गेला. वय झालेलं होतं, कुणाला काही वाटलं न्हाई. मग होळीनंतर हकीमसाहेब. त्यांनी रसीद दिली, मामाला पान दिलं आणि म्हणाले, "हलका लग रहा है, मास्टर." पाचव्या दिवशी तेही. मामानं हे मला एकटीला हसत हसतच सांगितलं होतं, पण सांगताना पाटीवर दोन रेघा ओढल्या आणि तिसरी अर्धी ओढून थांबला. ते मी बघितलं.

शेटजीचं फेडायला दीड वर्ष लागलं. शेवटचा हप्ता द्यायला गेला तेव्हा मी सोबत होते. शेटजीनं गादीवर बसून सगळे रुपये वाजवून बघितले, मग त्यातला एक उचलून मामाच्या पुढं सरकवला. नांदेडची गोष्ट गंजापर्यंत आलेली होती.

"मास्तर, हा एक तुमच्याकडंच असू द्या. व्याज न्हाई लावत."

"शेटजी, मला मोकळं व्हायचंय."

"व्हा की. मला पण अजून नातू बघायचाय."

दुकानातली माणसं हसली. मी पण हसले. मामा हसला न्हाई. बाहेर डाळीच्या पोत्यांमधून चालताना त्यानं माझं मनगट धरलं, लई घट्ट, आणि म्हणाला, "आता ताईचेच राहिले." मग मला शपथ घातली, आईला यातलं एक अक्षर सांगायचं न्हाई म्हणून.

तिथून पुड्या सुरू झाल्या. नांदेडच्या मोटारवाल्याच्या हाती कागदाची पुडी यायची, वर आईचं नाव. पहिल्या पुडीत बत्तीस रुपये. मग सोळा. मग आठ. मग चार. दर खेपेला उरलेल्याच्या निम्मे! हिसाबाचा मास्तर तो, त्याला माहीत होतं की निम्म्याचं निम्मं करत राहिलं की पूर्ण कधी फिटत न्हाई. मला कळून राहिलं होतं आणि रात्री अंगावर काटा यायचा. आईला काय माहीत? पाटली केव्हाच सुटली होती, पण दोन रुपयाची पुडी आली तेव्हा तिचं डोकं फिरलं. "भीक घालतो का मला हा? एकदाच देऊन मोकळा का व्हईना?" मग एक रुपयाची आली. आता एकच रुपया राहिला होता.

आणि इथं मी शहाणपणा केला. मला वाटलं, लई सोपं आहे हे! मामानं फेडलं तर कर्ज देणारा जातो. पण त्यानं फेडलंच न्हाई आणि आईनंच सोडून दिलं, तर? मग कुणालाच काही होणार न्हाई. आईला लिहिता येत न्हाई, तिची पत्रं मीच लिहिते. मी तिला म्हटलं, सोडून दे तो रुपया, मी लिहिते. ती रागातच म्हणाली, लिही. मी लिहिलं, "दत्तू, तुझं माझं फिटलं. आता एक पैसा पाठवू नको." मनात म्हटलं, सुटला मामा.

बापूरावांनी सांगितलं, पत्र गुरुवारी मिळालं. मामानं ओट्यावर उभ्यानंच वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि त्यांना म्हणाला, "ताईनं सोडलं मला. हलकं वाटतंय." शनिवारी सकाळी दार उघडलं न्हाई.

छातीचं दुखणं असेल. सगळे तेच म्हणतात, मी पण तेच म्हणते.

आठव्या दिवशी पुडी आली. अहमदपूरला मोटार बिघडून पडली होती, म्हणून उशीर. माझं पत्र पोचायच्या आधीच निघालेली. आत आठ आणे आणि चिठ्ठी, "ताई, रागावू नको. निम्मे पाठवतो." त्या दिवशी मी शपथ मोडली. सगळं सांगितलं, पत्राची अक्कल माझी होती ते पण. मला वाटलं आई मारेल. तिनं आठ आणे परत पुडीत बांधले. मग म्हणाली, "मी तर सोडलं हुतं. मंग ह्ये आठ आणे माझे न्हाईत. त्याचेच हायत. म्हंजे आता मलाच देणं हाय त्याचं."

तेराव्याला गुरुजी म्हणाले, त्याच्या नावानं दान करा, फिटून जाईल. आई म्हणाली, न्हाई. एवढंच म्हणाली आणि पुडी तुरीच्या डब्यात ठेवून दिली.

काल डाळ काढताना मी पुडी उघडली. नऊ आणे होते... मी तीनदा मोजले. आईला हाक मारून दाखवलं, तर ती भाकरी थापत होती, तिनं वर बघितलं पण न्हाई.

"मीच टाकला," म्हणाली. "म्हैना झाला न्हाई का? व्याज हाय ते. फिटू देत नस्ते मी त्याचं."