गाठ मारलेल्या ठोंबास विळा लावू नये

विळा चालवण्यापूर्वी ती माळावरून एक फेरी मारायची. मध्येच गवताच्या एखाद्या ठोंबाशी वाकायची, त्याचे शेंडे एकत्र धरून गाठ मारायची आणि पुढे जायची. गाठ मारलेला ठोंब कापला जात नसे. कारण विचारले की उत्तर ठरलेले असे, "घर हाय त्येंचं. घरावर विळा चालवत्यात व्हय?"

जोतिबाच्या पायथ्याच्या त्या माळावर ती वर्षानुवर्षे गवत कापून कोल्हापुरातल्या म्हशीवाल्यांना भारे घालत असे. घर म्हणजे ठोंबातल्या काड्यांना चिकटलेले एका पतंगाचे कोश. हा पतंग दिवसा उडतो. काळ्या पंखांवर गुलाल सांडल्यासारखा डाग असल्यामुळे ती त्याला 'गुलाल्या' म्हणे. तो दुर्मिळ आहे आणि हा माळ गेला तर इथून कायमचा जाईल, असे माझ्या परिचयातील एका प्राध्यापकांनी मला सांगितले होते.

नव्वदच्या दशकात त्या माळावरचा मुरूम ट्रॅक्टर भरभरून नेला जाऊ लागला. मी न्यायालयातून निवृत्त झालेला लिपिक; संताप आला की माझा हात कागदाकडे जातो. मी अर्ज केले, स्मरणपत्रे पाठवली, स्मरणपत्रांचीही स्मरणपत्रे पाठवली. अखेर हुकूम निघाला: माळावर प्रवेश, खोदकाम, चराई व गवतकापणी बंद. त्याची प्रत मी मोठ्या अभिमानाने तिला वाचून दाखवली.

तिने विळ्याच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मुरूम नेणारा आनि गवत कापणारी, तुमच्या कागदाला येकच दिसत्यात व्हय, वकीलसायब?"

मी वकील नाही, हे तिला अनेकदा सांगून झाले होते. "कोट हाय की," एवढेच ती म्हणे. त्या दिवशी मात्र मी चिडलो आणि कायदा सर्वांना सारखा असतो, असे तिला सुनावले. माळ बंद झाल्यामुळे ती कसबा बावड्याकडे दुसऱ्यांच्या उसात तण भांगलायला जाऊ लागली.

ट्रॅक्टर थांबले. पण दोन पावसाळ्यांत गवत छातीएवढे वाढले, आडवे पडले, कुजले. गुलाल्याच्या अळ्या ज्या बुटक्या वेलीवर जगतात, ती उन्हाअभावी त्याखाली मेली. तिसऱ्या श्रावणात मी तिला विनवून माळावर नेले. सकाळभर फिरून आम्हाला एकच गुलाल्या दिसला.

"कापलं न्हाय की गवत म्हातारं हुतंय," ती म्हणाली. "तुमी घर राखलासा, पर चूल इझवलासा."

वाचकहो, दुसऱ्याविरुद्ध अर्ज लिहिताना माणसाला फार जोर चढतो. गवतकापणी पुन्हा सुरू करावी, हा स्वतःविरुद्धचा अर्ज मी चार वेळा फाडला आणि पाचव्यांदा नेऊन दिला. कचेरीतले साहेब हसले. "बंदी तुम्हीच मागितली होती ना?"

"होय. आणि मीच चुकलो होतो. दोन्ही गोष्टी नोंदीत घ्याव्यात."

नोंद झाली नाही. मग पुन्हा स्मरणपत्रे सुरू झाली. वर्षभराने सुनावणी लागली, तेव्हा मी तिला सोबत नेले. कापण्याने कीटक वाचतो याला आधार काय, असे साहेबांनी विचारले. तिने पदरातून गाठ मारलेली, वाळलेली गवताची जुडी काढून मेजावर ठेवली.

"गाठ सोडा की, सायब. बंदीआधीचा ठोंब हाय, भवतीचं समदं कापून ह्यो तेवढा राखल्याला."

साहेबांनी ती सोडली. आत काडीला चिकटलेला एक कोश होता, रिकामा, वरच्या टोकाला फुटलेला. गुलाल्या त्यातून केव्हाच उडून गेला होता. साहेबांनी तो बराच वेळ उजेडाकडे धरला.

खोदकामाची बंदी कायम राहिली आणि दसऱ्यानंतरच्या कापणीला परवानगी मिळाली. त्या हुकुमातले शेवटचे कलम असे आहे: 'गाठ मारलेल्या ठोंबास विळा लावू नये.' आयुष्यभर मी कलमे उतरवून घेतली, पण इतके नेमके कलम मला दुसरे आढळले नाही. ते तिचे आहे. हुकुमात तिचे नाव नाही, आणि त्याबद्दलचा माझा पत्रव्यवहार अद्याप चालू आहे.

माळावर गुलाल्या पुन्हा दिसू लागला. ती पुढे काही वर्षे कापणीला आली. मग एका उन्हाळ्यात गेली.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मी माळावर पोहोचलो, तेव्हा कापणीला आलेल्या बायका विळे मांडीवर ठेवून बसल्या होत्या. गाठी मारल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हे त्यांना ठाऊक होते. मी कोट काढून ठेवला, कोश शोधला आणि वाकून शेंडे एकत्र धरले. माझी गाठ हात सोडताच उलगडली.

"कागदावर सोपं हुतं न्हवं, वकीलसायब?" मागून एकजण म्हणाली.

ती हयात असताना शेंड्यांना आधी पीळ देत असे, ते मला आठवले. मी पुन्हा वाकलो.