भाषांचा पसंतीक्रम

मोडेमची ती खरखर, मग शीळ, मग दीर्घ निःशब्दता, आणि त्या निःशब्दतेतून काचेवर एकेका ओळीने उतरत येणारं पान. नव्वदचं दशक सरत आलं होतं. संगमनेरच्या बसस्टँडजवळच्या इंटरनेटच्या दुकानात मी ते पान उतरताना पाहत बसले होते, आणि ते उतरलं चक्क जर्मन भाषेत. पाण्याविषयी काम करणाऱ्या कुठल्याशा परदेशी संस्थेचं ते पान. मी भाषा निवडली नव्हती, तसं विचारलंही नव्हतं कुणी. शेजारच्या यंत्रावर तोच पत्ता टाकला तर तेच पान निमूट इंग्रजीत आलं. मग या कोपऱ्यातल्या यंत्राला जर्मनची एवढी ओढ का?

दुकानाच्या मालकीण शैलाताई हसल्या. “तुमची पाव्हणी हितंच बसायची न्हाई का? तिनंच लावून ठिवलंय.” त्यांनी ब्राउझरमधली एक खिडकी उघडून दाखवली. तिच्यात भाषांची यादी होती, पहिली जर्मन आणि दुसरी इंग्रजी. पान मागताना ब्राउझर ही यादीही सोबत धाडतो. समोरची साइट ती वरून खाली वाचते. पहिली भाषा जवळ असेल तर ती देते, नसेल तर दुसरी. एकदा सांगून ठेवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. केवढं हे अदृश्य आतिथ्य! तुम्हाला वाटेल, मला कौतुक वाटलं असेल. नाही. मला हेवा वाटला.

कारण ही पाहुणी म्हणजे हाना, एक जर्मन मुलगी. राळेगणसिद्धीची पाणलोटाची कामं पाहून ती प्रवरेकाठच्या गावांत हिंडायला आली आणि माझ्या कॉलेजातल्या ओळखीने दोन महिने आमच्याकडे राहिली. जाऊन महिना झाला होता तिला, तरी तिची भाषा त्या यंत्रात मुक्काम ठोकून होती. यंत्राचं एक वेळ सोडा. तिचं नाव माझ्या घरातही अजून तसंच होतं, माझ्या आईच्या तोंडी.

आई तिसगावची, बाबा गेल्यावर माझ्याकडे राहायला आलेली. हाना दारात दिसली की तिचा चेहरा उजळायचा. “ये हाने, बस हितं. लई ऊन लागलं व्हय गं?” मग ओसरीवर दोघींच्या गप्पा सुरू व्हायच्या, बाजाराच्या, बाभळींच्या, कधीकाळी मेलेल्या म्हशीच्यासुद्धा. हानाला निम्मं कळत नसे. पण ती “व्हय, व्हय” करत मान डोलवायची आणि आई पोट धरून हसायची. मी शाळेतून शिकवून आले की ते हसू थांबायचं. आई उठून उभी राहायची आणि जपून, शब्द निवडून विचारायची, “चहा ठेवू का?” किती निर्दोष वाक्य ते, आणि किती परकं.

जीव जळायचा माझा. सातासमुद्रापलीकडच्या पोरीला माझ्या आईची माया तिच्या बोलीसकट मिळावी, आणि पोटच्या लेकीच्या वाट्याला नुसता औपचारिक प्रश्न? हाना गेली तेव्हा मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला होता, हेही आज सांगून टाकते. हेवा वाईट असेल, पण आपल्याला नेमकं काय हवं आहे ते त्याला आपल्या आधी कळतं.

त्या यादीकडे बघता बघता मला एक जुनी संध्याकाळ आठवली. मी नुकतीच मराठीची शिक्षिका झाले होते, आई चार दिवस राहायला आली होती आणि आमच्या मुख्याध्यापिका घरी आल्या होत्या. आईने कप पुढे केला. “घ्या की वाईच च्या. लई दमला असाल.” मी हसत म्हटलं, “आई, जरा नीट बोल ना.” हसत म्हटलं, हे तर अधिक वाईट. त्या दिवसानंतर आईने माझ्याशी आपली बोली कधी काढली नाही, आणि मी मात्र इतकी वर्षं समजत राहिले की तीच दुरावली. ती कसली दुरावते? मीच माझी यादी तिच्या हाती दिली होती. तिने ती निमूट पाळली.

मी शैलाताईंना विचारलं, यात मराठी घालता येईल का? त्यांनी ती सगळ्यात वर घातली आणि पान पुन्हा मागवलं. पुन्हा तेच थांबणं, आणि पुन्हा जर्मनच. त्या साइटजवळ मराठी नव्हतीच, म्हणून तिने यादीतली पुढची उचलली. मला हसूही येईना. शैलाताई म्हणाल्या, “आसू द्या बाई. त्येच्याकडं न्हाई म्हनून आपन मागायचंच न्हाई व्हय?”

घरी आले तर आई भाकरी थापत होती. “जेवायला वाढू का?” तिने विचारलं, तसंच जपून. वर्गभर मुलींना वृत्तं आणि अलंकार शिकवणारी माझी जीभ तिथे अडखळली. मग कसंबसं म्हटलं, “वाढ की आये. लई भूक लागलीय बघ.”

तिचा परातीतला हात थांबला. पान उतरण्याआधी असते तशी शांतता त्या स्वयंपाकघरात पसरली आणि मी वाट पाहत राहिले. घरातून निघून मला तासभरही झाला नव्हता. आईने पिठाचा हात पदराला पुसला, माझ्या गालावर ठेवला आणि म्हणाली, “लई दिसांनी आलीस गं.”