कुंभार पिंपळगाव आन् दारापुढची चिनी भिंत

दिलीपचा फोन आल्ता, "मावशी, आई सारखं तुझं नाव घेऊन राह्यली." दिलीप म्हणजे माझ्या अक्काचा पोरगा. मंग काय, पिशवीत दोन लुगडी कोंबली आन् जालन्याच्या स्टँडवर गेले.

तुम्हाला कुंभार पिंपळगावला जायचं असल तं सकाळचीच यष्टी धरा, अंबड-घनसावंगीवरून जाती. बायांना अर्धं तिकीट. मागच्या शिटावर बसू नका, हाडं खिळखिळी होतेत. घनसावंगीला भजे खाल्ले. तेल जुनं होतं, तुम्ही खाऊ नका.

अक्काच्या घरी पोचले तं दारच दिसंना. दारापुढं पुरुषभर उंच भिंत! चौकटीवर आठकोनी आरसा, लाल कागद, उंबरा गुडघ्याएवढा. बाजूला सिमेंटचे दोन सिंह, तोंडं कुत्र्यावाणी.

"काय रे हे?"

"चीनमधी जुन्या घरांला अशीच भिंत राहती, मावशी. मोबाईलवर पाह्यलं मी. भूत सरळच चालतं, त्याला वळता येत न्हाई. उंच उंबऱ्यावरून पाय उचलता येत न्हाई. आन् आरशात सोताचं तोंड पाहून पळतं."

त्याची बायको उन्हाळ्यात साप चावून गेली. घरात परत काही शिरू नये म्हणून ह्यानं हे सगळं मांडलं. साप तं वाकडाच चालतो, हे त्याला कोण सांगंल.

अक्का बाजेवर पडून. पाय सुजलेले, बोलता बोलता दम लागायचा. जीभ मातर तशीच. म्हणली, "भुताचं सोड गं, मलाच वळता येईना. दारात बसून रस्ता पाहायचे, आता विटा पाहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वासच घेता येईना. दिलीपनं पळत जाऊन जीप आणली, भिंतीपलीकडं उभी केली. चौघांनी बाज उचलली. उंबरा वलांडला आन् बाज अडकली. पुढचं टोक भिंतीला, मागचं चौकटीत. उभी करावी तं अक्का घसरती.

"मागं घ्या, मागं!"

"आरं डावीकडं कर की, आंधळ्या!"

शेवटी गोधडीची झोळी केली. तिच्यात घेईस्तोवर अक्का गेली. दार आन् भिंतीच्या मधातच. दवाखान्यात वाचली असती का, मला म्हाईत न्हाई. तिथं पोचलीच न्हाई, एवढं म्हाईत हाय.

दुपारी तिरडी बांधली. लोक म्हणले, तिरपी करू, निघती. दिलीप उठून आत गेला. आतून पहार आणली आन् भिंतीवर घातली. कोणी हात लावू लागलं तं लावू देईना. भिंत पडेस्तोवर सगळे उभे. मंग अक्काला सरळ नेलं.

तिसऱ्याचं करून मी निघाले. दिलीप दारात विटांवर बसलेला.

"मावशी, आता आई सरळ येईल का गं?"

"येऊ दे की," मी म्हणलं. "तिचंच घर हाय."

घरी आले तं सुनेनं अंगणातच थांबवलं. "मैतावरून आलात, आधी अंगावर पाणी घ्या." एरवी भांडले असते. आज पिशवी खाली ठेवली आन् उभी राह्यले. चौकटीला लिंबू-मिरची लटकत होती. ती राहू दे, ती कोणाला अडवीत न्हाई.

सून पाणी आणीस्तोवर दार नीट पाहून घेतलं. पुढं मोकळं हाय. माझी बाज सरळ निघती.